कपाटातले एकतीस कागद

आमच्या दारावर 'शिवणवर्ग' अशी पाटी आहे आणि आत खरोखरच दोन शिलाई मशिनं आहेत. पाटी पाहून वर्षाकाठी एखादी बाई दोन जिने चढून वर येतेच आणि फ्रॉक शिकवता का म्हणून विचारते. नाही म्हणायची सोय नसते, मग आमच्यापैकी कुणीतरी तिला शिकवायला बसतं. मागे एकदा ते काम आमच्या वकिलाच्या गळ्यात पडलं. कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस, पण त्याच्या हाताखाली शिवलेल्या फ्रॉकच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूला आल्या. ती बाई पुन्हा आली नाही.

संस्था अर्थातच शिवणाची नाही. घरातून हाकललेल्या बायका, बाईवरच जीव जडलेल्या बायका आणि रविवारी येणारे, पुरुषांवर जीव जडलेले पुरुष, अशा सगळ्यांना कुणीतरी कायदा समजावून सांगावा, कोर्टात सोबत जावं, निदान कपभर चहा देऊन ऐकून घ्यावं म्हणून ती काढली. मी पहिल्या प्रकारातली. नवऱ्याने नेसत्या कपड्यांनिशी बाहेर काढलं तेव्हा संस्थेने माझा खटला लढवायला घेतला, दोन खोल्यांतली आतली मला राहायला दिली आणि किल्ल्यांचा जुडगा हातात ठेवला. त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून मला सगळे किल्लीच म्हणतात.

इथे खरं नाव कुणालाच नाही. सुरुवातीला तसं नव्हतं. माझ्या पहिल्याच वर्षात एका दुपारी सातआठ जण वर आले. त्यांनी मशिनं उलटीपालटी केली, माझ्या खणातली हजेरीवही उचलली आणि पुढचा आठवडाभर तिच्यातली नावं घरोघर जाऊन वाचून दाखवली. बावीस नावं होती. एकीची नोकरी गेली. एकाला सख्ख्या भावांनी मारलं, तो अजून लंगडतो. एका मुलीचं आठ दिवसांत लग्न लावून दिलं आणि वर्षाच्या आत ती गेली. कशी गेली ते कुणी विचारलं नाही. त्या खणाला कुलूप नव्हतं आणि कुलूप लावणं माझं काम होतं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. नियम माझेच. खरं नाव सांगायचं नाही, विचारायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. घरी चिठ्ठीचपाटी ठेवायची नाही. आणि जिन्यावर परका माणूस दिसला तर आधी कागद जाळायचे, मग दार उघडायचं. त्यासाठी मोरीत पत्र्याची बादली ठेवलेली आहे, फळीवर काडेपेटी. लोक हसायचे. म्हणायचे, किल्लीला आपल्या सावलीचाही दाखला लागतो. हसत हसत सगळे नियम मात्र पाळायचे, कारण ती बावीस नावं सगळ्यांना पाठ होती.

अपवाद एकच होता, करारांचा. जी दोघं आयुष्यभरासाठी एकत्र राहत होती, ती वकिलासमोर एक कागद करायची: आमच्यापैकी एक आजारी पडलं तर दुसऱ्याला जवळ बसू द्यावं, उपचाराचं त्याला विचारावं, मेलं तर देह त्याच्या ताब्यात द्यावा. खाली दोघांच्या खऱ्या नावाच्या सह्या, दोन साक्षीदार, वकिलाचा शिक्का. तेव्हा त्या कागदाला कायद्यात काडीची किंमत नव्हती, पण सह्या करताना माणसं रडायची. कागद पाकिटात बंद करून माझ्याकडे द्यायची, मी पाकिटावर टोपणनावं घालून ते लोखंडी कपाटात ठेवायची. एकतीस पाकिटं जमली होती. त्यांतलं एक घड्याळवाली आणि मास्तरीण यांचं.

घड्याळवाली म्हणजे बाजारातल्या घड्याळांच्या दुकानात दुरुस्ती करणारी. बोलणं कमी, बोटं बारीक. मास्तरीण प्राथमिक शाळेत शिकवायची. शाळेच्या भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन ती दुकानात गेली होती. घड्याळ एका दिवसात दुरुस्त झालं, मास्तरीण मात्र पुढचे तीन महिने 'आणखी काही बिघडलंय का बघा ना' म्हणत चकरा मारत राहिली. शेवटी घड्याळवालीनेच तिला विचारलं, "बिघडलंय नेमकं कोण?" हा किस्सा मास्तरणीने आम्हाला पन्नासदा सांगितला असेल आणि पन्नासही वेळा घड्याळवाली लाजून खिडकीबाहेर बघत बसली. सतरा वर्षं त्या एका घरात राहत होत्या. शेजाऱ्यांना सांगितलं होतं की मावसबहिणी आहोत.

आता माझं पाप सांगते. चार वर्षांपूर्वी एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, खालच्या इस्त्रीवाल्याने मला हाक मारली, "अहो, दोन माणसं शिवणवर्ग विचारतायत. वर कोण कोण असतं म्हणाले." मी खिडकीतून पाहिलं. दोन पुरुष, हातात फायली, एकजण वर बघून काहीतरी लिहून घेत होता. पुढचं माझ्या हातांनीच केलं. कपाट उघडलं, पाकिटं बादलीत टाकली, काडी लावली. बंद पाकिटं लवकर जळत नाहीत, काठीने उकरावी लागतात. दारावर थापा पडत होत्या आणि मी मोरीत उकिडवी बसून उकरत होते. सगळी राख झाल्यावर पाणी ओतलं आणि दार उघडलं.

ते विजेचं मीटर तपासायला आलेले होते.

त्यांच्यातला एकजण नाकाला रुमाल लावून म्हणाला, "काही करपलंय का हो?"

"भाजी," मी म्हणाले.

साप साप म्हणून मी भुई धोपटली होती, आणि त्या भुईत एकतीस घरं होती. कुणाला सांगितलं नाही. आज सांगू, शनिवारी सांगू असं करत महिना गेला आणि महिन्यानंतर सांगणं पहिल्या दिवसापेक्षा अवघड होऊन बसलं. मी स्वतःची समजूत काढली की त्या कागदांना किंमत नव्हतीच. कपाटाला मात्र मी रोज कुलूप लावत राहिले. चोराच्या मनात चांदणं असतं, दुसरं काय.

मग सोबतीच्या कायद्याची गडबड सुरू झाली. आमच्यासारख्या दहाबारा संस्था वर्षानुवर्षं त्याच्यासाठी झगडत होत्या: लग्नाच्या नात्यात नसलेल्या पण एकत्र राहणाऱ्या माणसांना दवाखान्यात, घरात, मरणात नातेवाइकाचा हक्क मिळावा. सरकार म्हणालं, उद्या कुणीही उठून सोबती म्हणवेल, पुरावा काय? तेव्हा आमच्या वकिलाने आमच्याच खोलीत, शिलाई मशिनवर कागद ठेवून ते कलम लिहिलं: किमान दोन वर्षं जुना, दोघांच्या सह्यांचा, संस्थेच्या दप्तरात ठेवलेला करार. लिहून झाल्यावर तो कपाटाकडे बोट दाखवून म्हणाला, "आपल्याकडे एकतीस तयार आहेत! किल्ली, तुझ्या या कपाटात सोनं आहे सोनं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरणीने मला मिठी मारली. मी चहा आणायला आत गेले आणि मोरीचं दार लावून उभी राहिले.

मला वाटलं होतं, कायदे काय, चर्चेतच मरतात. हा मेला नाही. गेल्या वर्षी तो झाला, त्या कलमासकट. मी नवे कोरे करार टाइप करून खणात ठेवले, पण पुन्हा सह्या करा म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. ते कोरे कागद आजही खणातच आहेत.

पंधरा दिवसांपूर्वी, सोमवारी सकाळी साडेनऊला घड्याळवाली आली. चपला जिन्यातच टाकून, अनवाणी वर आली.

"मास्तरीण वर्गात पडली," ती म्हणाली. "काल नाही, परवा. मेंदूत रक्तस्राव झालाय. काचेच्या खोलीत ठेवलंय. शाळेने तिच्या भावाला कळवलं, तो आलाय. मला आत सोडत नाही. म्हणतो, तुम्ही कोण?" तिने श्वास घेतला. "आमचा कागद दे."

मी उठले. कपाटाचं कुलूप काढलं. चार वर्षं रिकामं असलेलं कपाट उघडून मी त्याच्यात हात घातला आणि मागच्या बाजूला चाचपडल्यासारखं केलं. इतकी हलकट मी त्याआधी कधी झाले नव्हते. चाचपडताना डोक्यात एकच चाललं होतं: खणात कोरे करार आहेत, मागची तारीख घालता येईल, सही मारता येईल, वकिलाच्या पाया पडून शिक्का घेता येईल.

"घड्याळवाली," मी तिच्याकडे पाठ ठेवून विचारलं, "तुझं खरं नाव काय? आणि मास्तरणीचं?"

मी वळले. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"कागद असता तर तुला नाव कशाला लागलं असतं?" ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं, मीटरवाल्यांसकट. ती ओरडेल, मला मारेल असं वाटलं. मारायला हवं होतं तिने. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "कागद दोन केले होते आम्ही. दुसरा घरी होता, गादीखाली. मी म्हणत होते राहू दे. पण मास्तरीण पडली नियमाची. म्हणाली, 'घरी काही ठेवायचं नाही असं किल्लीने सांगितलंय ना? तिच्याकडे आहे तो सुरक्षित आहे.' आणि फाडून टाकला."

तरीही मी म्हणाले, खोटा कागद करू या. तिने मान हलवली. "तिची सही मी दुसऱ्या कुणाच्या हातची बघू शकणार नाही."

वकिलाला फोन लावला. तो दुसऱ्या गावी कोर्टात होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साक्ष दे. संस्थेतर्फे तोंडी साक्ष दे. कुणी सांगावं, अधिकारी भला असला तर ऐकेल." आणि फोन ठेवण्याआधी म्हणाला, "माझाही त्यातच होता, किल्ली." वकिलाचं कुणी आहे हे मला माहीत होतं. एका पाकिटावर त्याने स्वतःच 'क' एवढं अक्षर घालून कुणाचं तरी म्हणून मला दिलं होतं, ते त्याचंच होतं हे तेव्हा कळलं.

दवाखान्यात अधिकारी खरोखर भला होता. तिशीचा, डोळ्यांखाली काळं आलेला, सौम्य बोलणारा मुलगा. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. समोर मास्तरणीचा भाऊ बसला होता. मी त्याला राक्षस समजून गेले होते. पण तो रडून सुजलेल्या डोळ्यांचा, तिच्यासारख्याच हनुवटीचा साधा माणूस निघाला.

"मॅडम, कागद असेल तर मी आत्ता सही करतो," अधिकारी म्हणाला. "कायदा तुमच्याच बाजूचा आहे."

"कागद नाही. मी साक्ष देते. सतरा वर्षं या दोघी एकत्र राहतात."

"तुम्ही कोणत्या संस्थेच्या?"

मी सांगितलं. त्याने संगणकावर शोधलं. "ही शिवणवर्ग म्हणून नोंदलेली दिसतेय."

"पाटी तशी आहे. काम वेगळं आहे."

"बरं. दोघींचा एखादा फोटो?"

"काढत नाही आम्ही."

"पत्रं? हजेरी? काहीतरी लिहिलेलं?"

"जाळतो."

त्याने पेन खाली ठेवलं. "पेशंटना तुम्ही किती वर्षं ओळखता?"

"सोळा."

"त्यांचं पूर्ण नाव सांगा, साक्षीत घालतो."

नाव मला घड्याळवालीने तासाभरापूर्वी बसमध्ये सांगितलं होतं. पहिलं नाव आठवलं. आडनाव जिभेवर येईना. ज्या बाईने मला दोनदा तापात उशाशी बसून पाणी पाजलं, माझ्या नवऱ्याला कोर्टाच्या पायऱ्यांवर तोंडावर शिव्या घातल्या, तिचं आडनाव मला आठवेना. मी घड्याळवालीकडे बघितलं. अधिकाऱ्यानेही ते बघितलं.

भाऊ म्हणाला, "साहेब, शेजारी सांगतात या मावसबहीण आहेत. आमच्या आईला बहीणच नव्हती. आता सांगतात सोबती. मी कशावर विश्वास ठेवू?" मग घड्याळवालीकडे वळून, आवाज न चढवता म्हणाला, "ताईने वीस वर्षं घरी फोन केला नाही. आई वाट बघत गेली. तुम्ही कोण आहात ते मला माहीत नाही, पण आता तिला मी घरी नेणार."

"न्या," घड्याळवाली म्हणाली. "मी अडवत नाही. मला फक्त नेईपर्यंत तिच्याजवळ बसू द्या. ती नवीन जागी एकटी असली की घाबरते. दिवा लागतो तिला."

त्याने रुमालाने डोळे पुसले. मला वाटलं, हा हो म्हणणार. देवाशपथ वाटलं. पण तो म्हणाला, "माझ्या बायकोला, लोकांना मी काय सांगू?" आणि उठून गेला.

अधिकारी आमची माफी मागत होता. आम्ही काचेबाहेरच्या बाकावर बसलो. काचेला आतून पडदा होता, त्याच्या आणि चौकटीच्या मधे दोन बोटांची फट होती. त्या फटीतून पलंगाचा पाय आणि चादरीचं टोक दिसायचं. घड्याळवाली तेवढंच बघत बसली, सोमवारी आणि मंगळवारी. मंगळवारी दुपारी मागच्या दाराने मास्तरणीला गाडीतून नेलं. आम्हाला कळलं ते सफाईवाली पलंगाची चादर काढायला लागली तेव्हा.

शुक्रवारी मास्तरणीच्या शाळेच्या फळ्यावर लिहिलेलं होतं की बाईंच्या निधनामुळे शाळा एक दिवस बंद राहील. घड्याळवालीला ती गेल्याचं कळलं ते असं, रस्त्यावर उभं राहून, फाटकाच्या गजांतून वाचून.

शनिवारी बैठकीत मी सगळ्यांना सांगितलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत. उलट दोघीतिघी म्हणाल्या, किल्ली, तुझ्या जागी आम्हीही तेच केलं असतं. ते ऐकवेना. मारणाऱ्याचा हात धरता येतो, समजून घेणाऱ्याचं काय करायचं? एक जोडपं तेवढं उठून निघून गेलं, त्यांच्यातल्या एकीचं पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं.

बैठक संपल्यावर घड्याळवाली आली. बसली नाही. पिशवीतून एक नवी कोरी, जाड पुठ्ठ्याची वही काढून तिने माझ्या टेबलावर ठेवली.

"लिही," ती म्हणाली.

तिने दोन नावं सांगितली, पूर्ण, आडनावांसकट. खाली लिहायला लावलं: सतरा वर्षं एकत्र राहिल्या. मी लिहिलं. तिने वाचून बघितलं, दोनदा, आणि एका नावावरून बोट फिरवलं.

"तिच्या मागे एवढंच राहिलंय," ती म्हणाली. "त्या घरात मला आता राहू देत नाहीत. तिचं सामान भावाने नेलं. ही वही टेबलावर उघडी ठेव. येईल त्याला दिसू दे. आता लपवायचं नाही. वचन दे."

मी तिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं. ती जिना उतरून गेली. त्यानंतर ती दुकानातही आलेली नाही, मी दोनदा जाऊन आले. बैल गेला आणि झोपा केला तो असा. पण वही मी टेबलावर उघडी ठेवली. आठ दिवस त्या पानाखाली दुसऱ्या कुणीही नाव लिहिलं नाही. लोक यायचे, बघायचे आणि चहाचा कप घेऊन दुसऱ्या बाजूला बसायचे.

काल दुपारी दारात एक मुलगी उभी होती. विशीची असेल. ओठ फुटलेला, एका बाजूला सुजलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. फ्रॉक शिकायला आलेली नव्हती, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

"ये ना," मी म्हणाले.

ती उंबऱ्यावरच थांबली. तिची नजर टेबलावरच्या वहीवर गेली, तिथून माझ्याकडे, मग मागे जिन्याकडे.

"इथे नाव लिहावं लागतं का?" तिने विचारलं. "माझं नाव कुठे लिहिलं गेलं ना, तर ते मला मारूनच टाकतील."

तिचं एक पाऊल मागे गेलं होतं. पुढचं पाऊल जिन्यावर पडलं असतं.

"नाही गं," मी म्हणाले. "इथे कुणाचंच नाव लिहीत नाही."

आणि तिच्यादेखत मी वही मिटली, कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. मुलगी आत आली आणि मशिनजवळच्या खुर्चीवर बसली. मी चहा ठेवायला आत गेले. मोरीत बादली होती तिथेच होती, फळीवर काडेपेटीही.